गोपिका तितरमारेच्या दोन जन्मतारखा

जिल्हा बास्केटबॉल संघटनेच्या सचिवांचा फोन आला तेव्हा गोपिका पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. जानेवारीतला शनिवार होता. गॅलरीत ऊन आलं होतं.

"मॅडम, पुढच्या रविवारी चौदा वर्षांखालच्या मुलींची निवड आहे," सचिव म्हणाले. "या वर्षी वय तपासायला समिती केली आम्ही. एक डॉक्टर, एक मी आणि एक तुम्ही."

"मी काहून?"

"तुम्ही नाही तं कोण? इतकी वर्षं खेळल्या, कधी कोणी तुमच्याकडे बोट दाखवलं नाही. तुमची सही असली म्हणजे पालक गप्प राहतात."

गोपिका "पाहते" म्हणाली. सचिवांनी तो होकार समजून फोन ठेवला. ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. दाणे सालांच्या ढिगात पडून राहिले आहेत आणि सालं टोपल्यात, हे नवऱ्यानं, विक्रमनं, सांगितलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

तिचं नाव आज फारसं कोणाला आठवायचं नाही. पण पंच्याऐंशी ते अठ्ठ्याण्णव अशी तेरा वर्षं ती रेल्वेच्या संघातून खेळली. उंची पाच फूट अकरा इंच. रिंगला लागून परत आलेला चेंडू तिच्या हातून सुटत नसे. कटक, कोट्टायम, लुधियाना, जिथं स्पर्धा तिथं ट्रंक घेऊन जायची आणि चांदीचा मुलामा दिलेला कप घेऊन परतायची. भारतीय संघाच्या शिबिरातही दोनदा जाऊन आली. गुडघ्यानं दगा दिल्यावर खेळ थांबला आणि ती मालवाहतुकीच्या कार्यालयात टेबलावर बसू लागली. नागपुरात सक्करदऱ्याला फ्लॅट झाला, मुलगी अदिती शिकून पुण्याला नोकरीला लागली. पाहणाऱ्याला वाटावं, या बाईला कशाची ददात नाही. आणि ही सगळी इमारत एका खोट्या तारखेवर उभी होती.

गोपिका कुही तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मली, बारा जून एकोणीसशे चौसष्टला. वडील चंपतराव धान पिकवायचे. सातवीनंतर गावात शाळा नव्हती, म्हणून तिला नागपूरला मावशीकडे ठेवलं. तिथं गोपाळराव पांढरीपांडे सरांनी तिला पाहिलं. सर पोरींना बास्केटबॉल शिकवायचे. शाळा सुटली की ग्राऊंडवर खडूनं रेघा आखायचे आणि अंधार पडेपर्यंत शिटी वाजवायचे. त्यांना खेळाशिवाय दुसरं काही दिसत नसे. एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर ते एस.टी.नं थेट गोपिकाच्या गावी गेले आणि चंपतरावांच्या ओसरीवर बसले.

"पोरगी राज्याच्या संघात जाईल," सर म्हणाले. "तिथून रेल्वेत नोकरी. पण आत्ता चौदाच्या आतल्या संघात शिरली तर. हिला पंधरा पूर्ण झालीत. तेवढं एक आडवं येतं आहे."

"मग कसं कराचं, सर?" चंपतरावांनी विचारलं.

"गावच्या मास्तरांशी मी बोललो. शाळा सोडल्याचा दाखला ते नवा देतील. बारा नोव्हेंबर सहासष्ट. तारीख बाराच ठेवली मी, पोर गोंधळायला नको."

माय दारामागून ऐकत होती. तिनंच हिशेब काढला. "पण मुकुंद तं फेब्रुवारी सदुसष्टचा होय," ती म्हणाली. "अडीच-तीन महिन्यांत दुसरं लेकरू होते काय?"

सर हसले. "भावाचा दाखला कोण पाहतो, वहिनी?"

चंपतरावांनी कागदावर सही केली. गोपिकाला कोणी काही विचारलं नाही. तिला फक्त तारीख पाठ करायला सांगितली गेली, आणि तिनं ती पाढ्यासारखी पाठ केली. रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी बारा नोव्हेंबर सहासष्ट.

त्या डिसेंबरात ती राज्याच्या संघात निवडली गेली. यादीत बारा नावं होती, तिचं नववं. आपण नसतो तर तेरावी पोरगी आत आली असती, हे तिला पुष्कळ नंतर, अठरा-एकोणीस वर्षांची असताना एकदम जाणवलं. ती तेरावी कोण हे तिला माहीत नव्हतं. नाव माहीत असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटायचं, कारण नाव नसल्यामुळे ती पोरगी कोणीही असू शकत होती. स्पर्धेत समोर उभी राहिलेली, डब्यात शेजारी बसलेली, एखाद्या स्टेशनवर फुटाणे विकणारी.

नोकरी लागली आणि भीती खऱ्या अर्थानं सुरू झाली. फॉर्म म्हटला की तिच्या तळहाताला घाम सुटायचा. सर्व्हिस बुक, शिबिराचा अर्ज, पासपोर्ट, विम्याचा कागद. संघातल्या मैत्रिणी बारा नोव्हेंबरला केक आणायच्या आणि ती हसून कापायची. बारा जूनला गावाहून येणारं मायचं पत्र मात्र ती वाचून फाडून टाकायची. एकदा शिबिरात कोणीतरी अफवा आणली की उद्या सगळ्यांच्या मनगटांचे एक्स-रे काढणार आहेत. गोपिकाला रात्रभर उलट्या झाल्या. डॉक्टरांनी अन्नातून विषबाधा लिहून दिली. एक्स-रे कोणी काढलेच नाहीत.

विक्रम रेल्वेतच टी.सी. होता. त्र्याण्णव साली त्यांनी आपल्या मर्जीनं लग्न केलं. त्याचा जन्म मार्च पासष्टचा. बायको आपल्याहून पावणेदोन वर्षांनी लहान, हे त्यानं कागदावर पाहिलं होतं आणि तिनं त्याला कधी वेगळं सांगितलं नव्हतं. पत्रिका जुळवायचा प्रश्न आला नाही. माहेरच्या माणसांना तिनं शपथ घातली होती.

अठरा साली चंपतराव गेले. शेतीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायला ती मुकुंदबरोबर कुहीला गेली. तलाठ्यानं दोघांची आधार कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि चष्मा वर केला.

"तितरमारे, हे काय होय गा?" तो म्हणाला. "बाई नोव्हेंबर सहासष्टची, तू फेब्रुवारी सदुसष्टचा. तुह्या मायनं काय जादू केली?"

गोपिकाच्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. मुकुंद मात्र शांतपणे म्हणाला, "मास्तरनं लिहिलं तसं, साहेब. तेव्हाचे मास्तर. पोरगं दिसलं तशी तारीख टाकत."

तलाठी हसला. "वय वर्षांतच लिहितो मग. महिने नाही लिहीत."

परतताना मुकुंदनं गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली.

"बाई, एक खोटं बोललो तं माह्या छातीत अजून धडधड होऊन राहिली," तो म्हणाला. "तू हे रोज कशी सहन करते?"

"सवय पडते," गोपिका म्हणाली. सवय पडली नव्हती. चाळीस वर्षांत एकदाही पडली नव्हती.

तर आता अशा बाईला पोरींची वयं तपासायला बसवलं होतं.

रविवारी हॉलमध्ये टेबल मांडलं. पासष्ट पोरी आल्या होत्या, केसांना तेल लावून, नवे कोरे मोजे घालून. डॉक्टर मनगटांचे एक्स-रे उजेडाकडे धरून पाहायचे, सचिव जन्मदाखले तपासायचे आणि गोपिका पोरींशी दोन शब्द बोलायची. जन्मतारीख विचारली की बहुतेक पोरी जरा थांबत, कोणी हसत, कोणी सालाशी अडखळत. जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी दिपाली आली. पारशिवनीकडची, उंची पाच फूट आठ इंच, हात गुडघ्यापर्यंत येतील असे लांब.

"जन्मतारीख?"

"एकोणीस ऑगस्ट दोन हजार दहा," पोरगी म्हणाली. प्रश्न संपायच्या आत, एका श्वासात, नजर गोपिकाच्या डोक्यावरच्या भिंतीवर.

गोपिकाच्या हातातला पेन थांबला. तारीख सांगायची ही घाई तिच्या ओळखीची होती. जगात दुसऱ्या कोणाला ती ऐकू आली नसती.

दाखल्याची नोंद गेल्या वर्षी झालेली होती, जन्मानंतर बारा-तेरा वर्षांनी. डॉक्टरांनी एक्स-रे फिरवून फिरवून पाहिला. "हाडावरून वर्ष-दीड वर्ष इकडचं तिकडं होऊ शकतं," ते म्हणाले. "मला पंधराची वाटते. पण चौदाच्या आतली नाहीच, असं छातीठोक नाही सांगता येत."

"मग मॅडम सांगतील तसं," सचिव म्हणाले.

गोपिकानं मंगळवारपर्यंत वेळ मागून घेतला. बाहेर चहाच्या टपरीवर तिला दिपालीचा प्रशिक्षक गाठायला आला. ऋषिकेश त्याचं नाव. पस्तिशीचा, नम्र, कपाळावर टोपी मागे सारलेली. त्यानं तिच्या हातात चहाचा ग्लास दिला.

"मॅडम, पांढरीपांडे सर शेवटची दोन वर्षं आमच्याकडेच येऊन बसत," तो म्हणाला. "मुलगा तिकडे बदलून आला होता न त्यांचा. जुन्या खूप गोष्टी सांगत. तुमची गोष्ट तं फार अभिमानानं सांगत. अगदी पहिल्यापासून. गावी गेले, तुमच्या बाबांसंगं बोलले, सगळं."

गोपिकानं ग्लास ओठांना लावला. चहा कढत होता हे तिला कळलं नाही.

"मी कोणाले बोललो नाही," ऋषिकेश म्हणाला. "कशाले बोलू? पोरगी गुणी आहे, मॅडम. घरची गरीब आहे. एका सहीचा तं प्रश्न आहे."

त्यानं पैसे दिले आणि वाकून नमस्कार करून गेला. धमकी म्हणावी असा त्यात एकही शब्द नव्हता.

त्या रात्री ती पाच वेळा उठून पाणी प्यायली. सोमवारी सकाळी विक्रम ड्यूटीचे बूट घासत बसला होता, तेव्हा ती त्याच्यासमोर पाटावर येऊन बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मधे थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून ती थांबली नाही.

विक्रमनं ब्रश खाली ठेवला. "म्हणजे तू माह्यापेक्षा मोठी?"

"नऊ महिन्यांनी."

त्यानं बूट बाजूला सारला. "तीस वर्षांत सांगावंसं नाही वाटलं?"

"रोज वाटे. जितके दिवस जात तितकं सांगणं कठीण होई."

तो उठला, हात धुतले, परत येऊन बसला. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण तो रागावला नाही, घाबरला. तिच्या नोकरीची अजून पावणेतीन वर्षं बाकी, त्यानंतर पेन्शन, चौकशी, वर्तमानपत्रात नाव, अदितीच्या सासरी काय म्हणतील, असं एक एक तो बोटांवर मोजायला लागला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला.

"सही कर," शेवटी तो म्हणाला. "एका पोरीचं भलं होते अन् आपलंही झाकलेलं झाकलेलं राहते. कोणाचं नुकसान आहे त्यात?"

"तेराव्या पोरीचं."

"कोणती तेरावी?"



मंगळवारी ती संघटनेच्या कार्यालयात गेली. बाहेरच्या बाकावर दिपाली आणि तिची आई बसली होती. पहाटेच्या गाडीनं आल्या असाव्यात. आईच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात कागद. गोपिका आत गेली, यादी पुढ्यात ओढली आणि दिपालीच्या नावापुढे लिहिलं : नोंद उशिराची, वयाची खात्री होत नाही, सोळा वर्षांखालील गटात खेळावी. सचिवांनी ते दोनदा वाचलं.

"मॅडम, डॉक्टर तं नाही म्हणाले नव्हते," सचिव कुरकुरले. "ऋषिकेश नाराज होईल."

"होऊ द्या," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर तिला वाटलं, या दोघींना तोंड दाखवल्याशिवाय जाऊ नये. ती बाकावर बसली. दिपालीला पाणी आणायला पाठवलं आणि आईला स्वतःची गोष्ट सांगितली, अगदी थोडक्यात. दाखला कसा बदलला, नोकरी कशी लागली, आणि मग उभा जन्म भीतीत कसा गेला. "तुमच्या पोरीले हे नको म्हणून मी नाही म्हटलं," ती म्हणाली.

बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"मॅडम, तुमचं तं सगळं चांगलंच झालं न," ती म्हणाली. "नोकरी भेटली, शहरात घर भेटलं. थोडं भ्यावं लागलं. आम्ही काय आता भेत नाही काय?"

दिपाली पाण्याची बाटली घेऊन आली. आईनं तिला हाताला धरून उठवलं. पोरगी दोन पावलं गेली आणि वळून हळूच म्हणाली, "मले सोळावाल्यातच खेळाचं होतं. सरच म्हणे, हे सोपं पडते."

फेब्रुवारीत सोळा वर्षांखालच्या मुलींची निवड झाली. गोपिका मुद्दाम जाऊन मागच्या पायरीवर बसली. दिपाली जीव तोडून खेळली, पण समोरच्या पोरी चार-चार वर्षं शहरातल्या मैदानांवर घोटलेल्या होत्या. बारा नावं वाचली, तिचं त्यात नव्हतं. गोपिका कोणाला न भेटता घरी आली.

आणि मग ती वाट पाहू लागली. ऋषिकेश तक्रार करणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. कार्यालयात शिपाई टपाल वाटत तिच्या टेबलाशी आला की ती आधी पाकिटावरचा शिक्का पाहायची. अनोळखी नंबरचा फोन आला की ती उठून जिन्यात जायची. साहेबांनी सहज बोलावलं तरी पदराच्या पिना नीट करून, पाणी पिऊन आत जायची. वजन चार किलोनं उतरलं. पाच आठवडे गेले, काहीच झालं नाही. सहाव्या आठवड्यात ऋषिकेश तिला बर्डीच्या बाजारात समोरासमोर भेटला. त्यानं नमस्कार केला, गुडघा कसा आहे विचारलं आणि गर्दीत निघून गेला. त्याच्या मनात काय आहे हे तिला चेहऱ्यावरून काढता येईना. तो आज बोलेल, उद्या बोलेल, कदाचित कधीच बोलणार नाही. म्हणजे हे असंच मरेपर्यंत चालणार, हे तिला तिथं फुटपाथवर उभ्या उभ्या कळलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिनं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. तीस जून दोन हजार चोवीसला सेवेतून मोकळं करावं, म्हणून. विक्रमला वाचायला दिला. त्यानं दोनदा वाचला.

"घरगुती कारण लिही," तो म्हणाला. "निघून जा गुपचूप. कोणाले पत्ता लागणार नाही."

तिनं तसं लिहून पाहिलं. मग तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला आणि लिहिलं की माझी खरी जन्मतारीख बारा जून एकोणीसशे चौसष्ट आहे, नोकरीच्या वेळी दिलेला दाखला चुकीचा होता, हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि साठ पूर्ण होताहेत म्हणून मी जाते आहे. अर्ज द्यायला विक्रम तिच्याबरोबर आला आणि दाराबाहेर उभा राहिला.

आतल्या बाबूनं अर्ज वाचला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"मॅडम, हे खरंच द्यायचं आहे?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं. "एकदा शिक्का मारला की मले परत देता येत नाही."

"मारा," गोपिका म्हणाली.

निरोपाचा समारंभ झाला नाही. चौकशी लागली. तीन वेळा तिला बोलावलं, एकदा मुकुंदलाही. तरुण चौकशी अधिकाऱ्यानं सगळ्यात शेवटी विचारलं की तक्रार कोणी केली होती. कोणीच नाही, असं ती म्हणाली तेव्हा त्यानं लिहिणं थांबवलं आणि पेनाचं टोपण लावलं. संघटनेच्या सचिवांनी फोन करणं बंद केलं. रेल्वेतल्या जुन्या मैत्रिणींपैकी दोघी भेटायला आल्या, बाकीच्या आल्या नाहीत. आलेल्यांपैकी एक जाता जाता म्हणाली, "गोपिका, माझंही एक वर्ष कमी आहे वं," आणि भराभर जिना उतरून गेली.

निकाल यायला चौदा महिने लागले. पेन्शनमधून काही भाग काही वर्षं कापला जाईल, एवढंच. खेळातल्या कपांबद्दल, निवडींबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. ते कोणाच्या अखत्यारीत येत नव्हतं. विक्रमनं पत्र उलटंपालटं करून पाहिलं.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

त्या दुपारी ती जेवून आडवी झाली आणि चार तास झोपली. विक्रमनं पंखा लावला, पडदा ओढला आणि बाहेरच्या खोलीत टी.व्ही.चा आवाज बंद करून बसला. पाचच्या सुमारास दारावरची बेल वाजली. गोपिका दचकून उठून बसली. छातीत तेच धडधडणं, तळहाताला तोच घाम. विक्रम दाराशी कोणाशी तरी बोलत होता. ती चप्पल न घालता बाहेर गेली. वरच्या मजल्यावरच्यांचं पार्सल चुकून खाली आलं होतं. तिनं भिंतीला हात टेकला आणि ठोके खाली येईपर्यंत तशीच उभी राहिली. मग चहाचं आधण ठेवायला आत गेली.